५० मीटरवर नेमकी, २०० मीटरवर भरकटणारी रायफल: नवा स्कोप घेण्याआधीची तपासणी

समस्या साधारणपणे अशी सांगितली जाते. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची नळीची) रायफल ५० मीटरवर वाळूच्या पिशव्यांवरून पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा घोळका, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल इतका लहान देते. तीच रायफल आणि त्याच पेटीतली काडतुसे घेऊन १०० किंवा २०० मीटरच्या रेंजवर गेल्यावर मात्र एका रविवारी गोळ्या डावीकडे खाली लागतात, पुढच्या रविवारी उजवीकडे सरकतात आणि त्याच्या पुढच्या रविवारी नेम वर-खाली करणारा स्कोपवरचा उंचीचा नॉब फिरवता फिरवता मध्येच अडतो. नेमबाज स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीला, दोष देतो, जास्त पॉवरचा, म्हणजे लक्ष्य अधिक पट मोठे दाखवणारा, नवा स्कोप घेतो, दोन-तीन महिने समाधानात जातात आणि मग तीच तक्रार नव्या स्कोपबद्दल सुरू होते. पुण्यात ही तक्रार माझ्याकडे इतक्या जणांनी आणली आहे, आणि त्याआधी मी स्वतः तिच्यापायी इतके पैसे आणि इतके रविवार घालवले आहेत, की तिची उकल एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे असे आहे की लांब पल्ल्यासाठी स्कोप निवडताना पॉवर हा सर्वांत शेवटी पाहायचा आकडा आहे, आणि हातात असलेल्या स्कोपचा नेमका दोष ओळखल्याशिवाय नवा स्कोप निवडताच येत नाही. तो दोष ओळखायला महागडी उपकरणे लागत नाहीत. गवंड्याकडचा ओळंबा, एक लहान पाणसळ, पोलादी टेप, टॉर्क रेंच आणि एक मोकळी सकाळ एवढ्यावर काम होते.

त्याआधी एक खुलासा करतो, कारण काही जण चुकीच्या कारणासाठी स्कोप शोधत असतात. महाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सराव करणाऱ्या बहुतेक मुलामुलींचे ध्येय १० किंवा ५० मीटरचे ऑलिंपिक प्रकार हे असते आणि त्या प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावण्याची मुभाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून मारण्याचे) कांस्यपदक मिळवले आणि तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचे (पालथे पडून मारण्याचे) जगज्जेतेपद मिळवले, ते छिद्राच्या साइटमधून, कोणत्याही विवर्धनाशिवाय. ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांनी स्कोपचे पैसे काडतुसांवर आणि जॅकेटवर खर्च करावेत. हा लेख बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून मारणे), एफ-क्लास (पालथे पडून, टेकू आणि स्कोप वापरून लांब पल्ल्यावर मारणे) किंवा परवानाधारक पॉइंट टू-टूवर १०० ते २०० मीटरचा सराव करणाऱ्यांसाठी आहे.

मोजमापाची दोन एकके पुढे सतत येतील. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर ते सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर तो १० सेंटिमीटर भरतो. १ मिल म्हणजे जवळपास ३.४४ मिनिटे.

ग्रुप पसरतो आहे की सरकतो आहे?

तपासणीची सुरुवात स्कोपपासून करायची नाही, टार्गेटच्या कागदांपासून करायची. गेल्या वर्षी एक महाविद्यालयीन विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हा तिसरा स्कोप आहे आणि हाही खराबच निघाला." मी त्याला विचारले, "आधीच्या दोन स्कोपचे टार्गेट जपून ठेवले आहेस का?" त्याने ते टाकून दिले होते. मी त्याला पुढचे चार रविवार प्रत्येक कागदावर तारीख, अंतर, काडतुसांचा लॉट (कारखान्यात एकाच वेळी बनलेला गट), नॉबवरचा आकडा आणि वाऱ्याची दिशा लिहायला सांगितले. चार कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

त्या कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. गोळ्या एकमेकींपासून दूर पडत असतील तर ग्रुप पसरतो आहे. गोळ्या एकमेकींजवळ आहेत, पण सगळा घोळका मागच्या वेळेपेक्षा दुसरीकडे गेला आहे, असे असेल तर ग्रुप सरकतो आहे. पसरण्याची आणि सरकण्याची कारणे वेगळी आहेत आणि त्यांतली काही स्कोपशी संबंधितच नाहीत.

उभी पसरण हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पॉइंट टू-टूची साधी टार्गेट गोळी नळीतून सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि २०० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून दोन मीटरांहून अधिक खाली येते. एका पेटीतल्या दोन काडतुसांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक असला, तर फक्त तेवढ्याने २०० मीटरवर सुमारे १३ सेंटिमीटरचा उभा फरक पडतो. ५० मीटरवर तोच फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा असल्यामुळे तो कोणाच्या लक्षात येत नाही. त्या विद्यार्थ्याचे ग्रुप आडवे अरुंद आणि उभे लांबट होते, आणि त्याने दोन लॉटची काडतुसे एकाच डब्यात ओतून ठेवली होती. जगातला कोणताही स्कोप ही पसरण कमी करू शकला नसता. म्हणून पहिला नियम असा की आडवी रुंदी आणि उभी लांबी वेगवेगळी मोजावी, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट भरत असेल तर आधी काडतुसांचा लॉट बदलून पाहावा.

संपूर्ण ग्रुप सरकत असेल तर

येथे पहिला संशय माउंटवर, म्हणजे रायफलीवरची रेल आणि तिच्यावर स्कोप धरणाऱ्या रिंगा यांच्यावर, घ्यावा. स्कोपच्या आत बिघाड होण्यापेक्षा स्कोप धरून ठेवणारे स्क्रू ढिले होण्याचे प्रमाण माझ्या अनुभवात कितीतरी अधिक आहे. दुचाकीवर रायफलची केस पाठीला लावून पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवरून तासभर प्रवास करणे म्हणजे माउंटला तासभर हादरे देणे होय. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारण्याची पद्धत ठाऊक असते. तीच येथे वापरावी. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर जाणारी एक बारीक रेघ रंगाच्या पेनाने ओढावी, आणि रिंगच्या कडेला स्कोपच्या नळीवरही एक खूण करावी. रेंजवर पोहोचल्यावर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला आहे. नळीवरची खूण रिंगपासून दूर गेली असेल तर मागच्या धक्क्याने स्कोप पुढे सरकला आहे.

माउंट पुन्हा बसवताना रेल आणि रिंगचा तळ अल्कोहोलने पुसून तेलविरहित करावा, रिंग रेलच्या खाचेत पुढे रेटून मग आवळावी, आणि टॉर्क उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतकाच ठेवावा. रिंगच्या वरच्या स्क्रूंसाठी तो बहुधा २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताच्या अंदाजाने "आणखी थोडे" आवळणे फार घातक आहे, कारण स्कोपची बाहेरची नळी दबली की आतली, नॉबबरोबर हलणारी नळी अडखळते आणि मग नॉबचे क्लिक (फिरवताना पडणारे एकेक टप्पे) खोटे बोलू लागतात. पॉइंट टू-टूवरील ११ मिलिमीटरच्या खोबणीत बसणाऱ्या रिंग्ज या बाबतीत विशेष कच्च्या असतात; शक्य असेल तर खोबणीवर रुंद रेल बसवून घ्यावी. स्प्रिंगच्या एअर रायफलीवरून काढलेला स्कोप लांब पल्ल्याच्या रायफलीवर चढवू नये असेही मी सांगेन. त्या रायफली मागे आणि पुढे असा दुहेरी धक्का देतात आणि साध्या स्कोपचे आतले भाग त्याने ढिले होतात.

माउंट पक्का असूनही ग्रुप गालाच्या ठेवणीप्रमाणे इकडेतिकडे जात असेल तर कारण पॅरालॅक्स आहे. आगगाडीच्या खिडकीतून डोके हलवले की जवळचा खांब दूरच्या डोंगरापुढे सरकल्यासारखा दिसतो. स्कोपमध्ये लक्ष्याची प्रतिमा आणि मधल्या रेघा एकाच प्रतलात नसल्या तर तसेच होते. जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते याचे गणित सोपे आहे. पुढच्या भिंगाचा व्यास निम्मा करावा, त्याला प्रत्यक्ष अंतर आणि स्कोप जुळवलेले अंतर यांच्यातील फरकाने गुणावे आणि जुळवलेल्या अंतराने भागावे. ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप ५० मीटरला जुळवलेला असेल आणि २०० मीटरवर मारायचे असेल, तर डोळा मध्यापासून पूर्ण कडेला गेल्यास चूक ६० मिलिमीटर होते. उलट, मोठ्या रायफलीसाठीचा १०० यार्डांना कायमचा जुळवलेला स्कोप ५० मीटरवर वापरला तर ९ मिलिमीटरपर्यंत चूक होते, आणि ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळच १०.४ मिलिमीटरचे असते. पॉइंट टू-टूच्या स्वस्त स्कोपमध्ये हे अंतर बहुधा ५० यार्डांच्या आसपास कायमचे ठरवून दिलेले असते आणि ते बदलण्याची सोय नसते. ५० मीटरवर उत्तम चालणारा स्कोप २०० मीटरवर का फसवतो याचे एक मोठे कारण हेच आहे.

पॅरालॅक्स तपासण्यासाठी रायफलीचा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा) काढून रायफल पिशव्यांवर पक्की ठेवावी, तिला हात न लावता स्कोपमधून पाहावे आणि डोके सावकाश वर-खाली व आजूबाजूला हलवावे. रेघ टार्गेटवर सरकताना दिसली तर बाजूचा फोकस नॉब फिरवून ती स्थिर करावी. त्यापूर्वी डोळ्याजवळचे भिंग जुळवलेले असले पाहिजे, आणि ते जुळवताना मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंदच पाहून नजर काढून घ्यावी, कारण अधिक वेळ पाहिले की डोळा स्वतःच तडजोड करून धूसर रेघही स्पष्ट दाखवू लागतो. हा क्रम उलटा केल्यामुळे अनेकांना प्रतिमा स्वच्छ दिसते, पण पॅरालॅक्स तसाच राहतो. फोकस नॉबवर छापलेल्या मीटरच्या आकड्यांवर विसंबू नये. डोके हलवल्यावर रेघ स्थिर राहते का, हीच खरी कसोटी आहे. नॉबच्या आत थोडी मोकळीक असते, म्हणून तो नेहमी एकाच दिशेने फिरवत अंतिम जागी आणावा.

नॉब फिरवल्यावरच चूक होत असेल तर

५० मीटरचा झिरो (जिथे नेम तिथेच गोळी लागेल अशी नॉबची जुळणी) पक्का राहतो, पण २०० मीटरसाठी नॉब फिरवल्यावर गोळी अपेक्षेपेक्षा वर किंवा खाली लागते, आणि नॉब परत आणल्यावर ५० मीटरचा झिरो पुन्हा बरोबर येतो, असा प्रकार असेल तर क्लिकचे माप तपासावे लागते. यासाठी गोळी झाडण्याची गरज नाही. भिंतीवर पोलादी टेप ओळंब्याच्या दोऱ्याला लागून उभी लटकवावी, तिच्यापासून बरोबर ५० मीटर मोजावेत, बोल्ट काढलेली रायफल शिकंज्यात धरून रेघ टेपच्या शून्यावर आणावी आणि १० मिल फिरवावेत. रेघ ५० सेंटिमीटर सरकली पाहिजे. ४९ सेंटिमीटर सरकली तर स्कोप २ टक्के कमी देतो आहे, आणि ८ मिलच्या फिरवण्यात २०० मीटरवर त्याने ३.२ सेंटिमीटरचा फरक पडेल. हा दोष नेहमी सारखाच येत असेल तर तो वहीत लिहून हिशेबात धरता येतो. रेघ परत शून्यावर येत नसेल, किंवा काही क्लिकना हलतच नसेल आणि मग एकदम उडी मारत असेल, तरच स्कोप बाद समजावा.

मिनिटांच्या स्कोपमध्ये एक वेगळाच घोळ असतो. काही उत्पादक १ मिनिट म्हणजे १०० यार्डांवर नेमका १ इंच धरतात, तर खरे मिनिट १.०४७ इंच असते. फरक क्षुल्लक वाटतो, पण २०० मीटरसाठी २७ मिनिटे फिरवायची असतील तर तो सुमारे ७ सेंटिमीटर होतो. गोळी किती खाली येईल हे मोजणाऱ्या मोबाइलवरील ॲपने खरी मिनिटे सांगितली आणि स्कोप इंचांचे क्लिक देत असला, तर गोळी दर वेळी तेवढी खाली लागेल आणि नेमबाज दर वेळी स्वतःच्या ट्रिगरला दोष देत राहील. याच कारणाने मी मिलचा नॉब आणि मिलच्याच रेघा असलेला स्कोप सुचवतो. आपण मीटरमध्ये विचार करतो, आणि ०.१ मिलचा क्लिक १०० मीटरवर बरोबर १ सेंटिमीटर आणि २०० मीटरवर २ सेंटिमीटर देतो. नॉब मिनिटांचा आणि रेघा मिलच्या असा मिश्र स्कोप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

नॉब वर फिरवत नेला की गोळ्या दर वेळी एकाच बाजूला जात असतील, तर रायफल किंवा रेघ कललेली आहे. रायफल १ अंश कलली तर ५० मीटरवर चूक दोन मिलिमीटरांची असते, २०० मीटरवर ती ३ ते ४ सेंटिमीटर होते, आणि ३ अंश कलली तर १० सेंटिमीटरच्या आसपास जाते. आपल्या डोळ्याला ३ अंशांचा कल सहज फसवतो, विशेषतः उतरत्या जमिनीवर. स्कोप बसवताना रायफलीच्या रेलवर पाणसळ ठेवून ती सरळ करावी, २५-३० मीटरवर ओळंबा लटकवावा, स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोऱ्याला समांतर आणून रिंगा आवळाव्यात आणि आवळून झाल्यावर पुन्हा पाहावे, कारण शेवटच्या पाव फेऱ्यात स्कोप हमखास फिरतो. त्यानंतर स्कोपवर एक लहान पाणसळ कायमची बसवावी.

नॉबच अडतो तेव्हा

या भागावर मी अधिक लिहितो, कारण नवा स्कोप निवडण्याचा खरा निकष येथे आहे आणि मी स्वतः येथेच चुकलो होतो. माझा पहिला लांब पल्ल्याचा स्कोप मी २४ पॉवर पाहून घेतला. विक्रेत्याने पॉवर आणि भिंगाचा व्यास एवढेच सांगितले आणि मीही त्यापलीकडे विचारले नाही. १०० मीटरवर तो छान चालला. २०० मीटरवर नॉब अर्ध्या वाटेतच थांबला.

गणित असे आहे. स्कोपच्या उंचीच्या नॉबला एकूण ठरावीक वाव असतो. समजा तो ६० मिनिटांचा आहे. मध्यापासून वर फक्त ३० मिनिटे मिळतात. स्कोप रायफलीच्या नळीच्या वर साडेचार सेंटिमीटर बसलेला असतो आणि ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे सपाट रेलवर ५० मीटरचा झिरो साधण्यातच सुमारे ११ मिनिटे खर्च होतात. उरली १९. ५० मीटरच्या झिरोवरून १०० मीटरला जाण्यासाठी साधारण साडेसात मिनिटे लागतात, ती निभतात. २०० मीटरला गोळी नजरेच्या रेषेखाली दीड मीटरांहून थोडी अधिक येते, म्हणजे २७ मिनिटे लागतात, आणि आपल्याकडे १९ च आहेत. स्कोपमध्ये बिघाड नाही; त्याच्याकडून त्याच्या वावाबाहेरचे काम मागितले जात आहे.

त्या विद्यार्थ्याच्या तिसऱ्या स्कोपचेही हेच होते. त्याने चौथा स्कोप घेण्याऐवजी २० मिनिटांचा उतार असलेली रेल घेतली, म्हणजे मागचा भाग किंचित उंच आणि पुढचा खाली असलेली. तिच्यामुळे झिरो मध्याच्या खालच्या बाजूला गेला आणि वर १९ ऐवजी ३९ मिनिटे मोकळी झाली. खाली २१ मिनिटे उरतातच, त्यामुळे ५० मीटरचा झिरो हातचा जात नाही. ही रेल बसवताना उतार पुढच्या दिशेला आहे ना, हे पाहावे. ती उलटी बसवलेली मी दोनदा पाहिली आहे आणि मग ५० मीटरचाही झिरो लागत नाही.

वाव संपत आलेला असताना आणखी दोन त्रास होतात. आतली हलणारी नळी गोल पोकळीत असते, त्यामुळे ती अगदी वरच्या टोकाला गेली की आडव्या दिशेने तिला फारशी जागा उरत नाही आणि वाऱ्यासाठी फिरवायचा नॉबही लवकर अडतो. शिवाय टोकाजवळ स्प्रिंगचा दाब बदलल्याने क्लिक असमान होऊ शकतात. म्हणून लागणाऱ्या मिनिटांपेक्षा किमान एक तृतीयांश वाव अधिक असावा असे मी धरतो. ३० किंवा ३४ मिलिमीटर नळीच्या स्कोपमध्ये हा वाव एक इंची नळीपेक्षा सहसा जास्त मिळतो. मोठ्या नळीचा खरा उपयोग हा आहे, जास्त प्रकाश हा नव्हे.

आता निवड

तपासणीत माउंट, काडतुसे किंवा कल हे कारण निघाले असेल तर स्कोप बदलायचा नाही. वाव कमी पडत असेल तर आधी उताराची रेल, आणि तिनेही भागत नसेल तर अधिक वावाचा स्कोप. पॅरालॅक्स बदलता येत नसेल तर बाजूच्या फोकसचा आणि ५० मीटर किंवा त्याहून जवळ जुळणारा स्कोप. मोठ्या रायफलींसाठीचे काही स्कोप १०० यार्डांच्या आत जुळतच नाहीत, म्हणून हा आकडा विकत घेण्याआधी पाहावा. क्लिक भरवशाचे नसतील तर उघडे, मोठे, आकडे स्पष्ट दिसणारे आणि शून्यावर थांबणारे नॉब असलेला स्कोप.

रेघा पहिल्या प्रतलात असाव्यात (पॉवर वाढवली की रेघाही जाड दिसतात) की दुसऱ्या (रेघा तेवढ्याच राहतात), यावर रेंजवर पुष्कळ वाद होतात. अंतर ठरलेले आहे आणि नॉब फिरवूनच मारायचे आहे, अशा टार्गेटच्या खेळात मी दुसऱ्या प्रतलाच्या बाजूचा आहे, कारण पॉवर वाढवली तरी रेघ बारीकच राहते आणि दहाचे वर्तुळ झाकत नाही. मात्र अशा स्कोपमध्ये रेघांवरच्या खुणा एकाच पॉवरला, बहुधा सर्वाधिक पॉवरला, खऱ्या असतात. २४ पॉवरला २ मिल दाखवणारी खूण १२ पॉवरला ४ मिल दाखवते, आणि वाऱ्यासाठी खुणेवर नेम धरणाऱ्याने हे विसरले तर गोळी टार्गेटबाहेर जाते.

आणि शेवटी पॉवर. पुढच्या भिंगाचा व्यास पॉवरने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० मिलिमीटर भिंग आणि २५ पॉवर असताना ती २ मिलिमीटर असते. डोके किंचित हलले की चित्र काळे पडते. १२ पॉवरला ती ४ मिलिमीटरांहून अधिक असते आणि गालाची ठेवण शांत राहते. पुण्यात मार्च ते मेच्या काळात सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा उकळू लागते आणि मोठ्या पॉवरला टार्गेट पाण्याखाली असल्यासारखे नाचते. त्या वेळी पॉवर कमी केल्यानेच अधिक दिसते. पॉइंट टू-टूवर २०० मीटरसाठी ५ ते २५ पॉवरचा स्कोप भरपूर आहे आणि त्याचा उपयोग प्रत्यक्षात १२ ते १८ च्या दरम्यान होतो. एफ-क्लासची गोष्ट वेगळी आहे. तेथे अंतर ३०० ते १००० यार्ड असते, सर्वाधिक गुणांचे वर्तुळ साधारण १ मिनिटाचे असते आणि २५ हून मोठी पॉवर समजण्यासारखी आहे. पण तेथे वजनाची मर्यादा स्कोप धरून मोजतात, त्याच्या दोन गटांपैकी एफ-टीआरला ८.२५ किलो आणि एफ-ओपनला १० किलो, त्यामुळे जड स्कोप घेताना दस्ता आणि नळीचे वजन आधी करून पाहावे.

पुण्याच्या हवेमुळे होणारी चूकही कधी कधी स्कोपच्या माथी मारली जाते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान धरून केलेल्या, गोळी किती खाली येते ते सांगणाऱ्या तक्त्याच्या तुलनेत उन्हाळ्यातील दुपारी येथील हवा सुमारे १२ टक्के विरळ असते, म्हणून गोळी २०० मीटरवर तक्त्यापेक्षा काही सेंटिमीटर वर लागते. ॲपमध्ये स्थानिक दाब आणि तापमान भरले की हा फरक निघून जातो. हवामान खात्याचा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब भरू नये, प्रत्यक्ष जागेवरचा भरावा.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबरमध्ये बंद केसच्या फोममध्ये ठेवलेल्या स्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते; एकदा खोलवर गेली की पुसून जात नाही. नायट्रोजन भरलेल्या स्कोपमध्ये आत ती सहसा जात नाही, पण बाहेरच्या भिंगांना संरक्षण नसते. ओल्या दिवशी रेंजवरून आल्यावर स्कोप रायफलीसकट कोरडा पुसावा, टोप्या लगेच लावू नयेत, आणि स्कोप सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात किंवा छायाचित्रकार वापरतात तशा कोरड्या कपाटात ठेवावा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. ऑक्टोबरमधल्या पहिल्या सरावाला मी थेट २०० मीटरवर जात नाही. आधी माउंटवरच्या रंगाच्या रेघा पाहतो, ५० मीटरवर पाच गोळ्यांचा एक ग्रुप घेतो, नॉब ८ मिल वर नेऊन परत शून्यावर आणतो आणि त्याच कागदावर आणखी पाच गोळ्या घेतो. दोन्ही ग्रुप एकमेकांवर पडले, तर त्या वर्षी स्कोपला हात लावत नाही.